वर कुलूप असतंय

निपाणीची गाडी चुकली. पुढची साडेचारला.
फाट्यावरच्या किराणा दुकानांचे काटे तपासून झाले होते,
शिक्के मारून झाले होते.
चहावाला म्हणाला, हितं बसून काय करालाय,
वर बुद्धाला जाऊन या की.
पायऱ्या किती?
तीनशे, तो म्हणाला.
आतून त्याची बायको म्हणाली, चारशे दहा.
बाकावरचा म्हातारा कानडीत काही पुटपुटला,
दोघं हसले.
मला एवढंच कळलं, तो आकडा नव्हता.

बॅग ठेवून जायला हवी होती.
पण सरकारी वजनं कुणाच्या हवाली करायची नाहीत.
पाच, दोन, एक, अर्धा, खालची चिल्लर,
सगळी पितळी, सगळी प्रमाणित,
खांद्यावर घेतली.

पायरी पायरीला नाव कोरलेलं:
कै. लगमव्वा सिद्दाप्पा कांबळे यांच्या स्मरणार्थ, रु. १५१.
एक मराठीत, एक कानडीत.
एकीवर वर कानडी, खाली मराठी, माणूस तोच.
रक्कम तेवढी दोन्हीकडे सारख्या आकड्यात.
आधी मी नावं चुकवून पाय टाकत होतो,
साठ-सत्तरनंतर सोडून दिलं.
पाय जिथं पडेल तिथं.

पाच किलो हे सगळीकडे पाच किलोच,
सव्वीस वर्षं मी दुकानदारांना हेच सांगत आलो.
बाभळीच्या वळणावर
ते आठ झालं असावं.
शर्ट पाठीला, जीभ टाळूला चिकटलेली,
गुडघ्यात कुणीतरी सुपारी फोडतंय.
खालून तंबाखूचा वास वर येत होता,
इतका वर येईल असं वाटलं नव्हतं.

वर पोचलो तर जाळीच्या दाराला कुलूप.
आत अंधारात काहीतरी पांढरं.
मी हसलो असेन, किंवा खोकलो.

मग खाली ठिपक्यासारखी ती दिसली.
दहा पायऱ्या चढायची, बसायची.
पुन्हा दहा.
मला बघून घाई केली नाही.
पोचायला तिला अर्धा तास लागला असेल, मी घड्याळ बघणं टाळलं.

अक्काताई. किल्ली गळ्यातल्या दोऱ्यात,
शेजारी पान कापायची कात्री.
उघडा की, म्हटलं.
थांबा वो, दम येऊ दे माझा. त्यो कुठं जातोय?
ओट्यावर दोघंही धापा टाकत बसलो,
तिची धाप जरा शिट्टीची, विडीच्या धुरळ्याची.

पिशवीत काय हाय एवढं जड?
सांगितलं.
ह्यातलं खरं किलो कंचं?
काढून दिलं.
तिनं ते डाव्या तळव्यावर ठेवलं.
डोळे मिटले.
बराच वेळ काहीच बोलली नाही.
वारा होता. जाळी वाजत होती.
मग म्हणाली,
मुकादमाचं हलकंच हुतं.
चाळीस वर्सं तंबाखू त्याच्या किलोनं घेतली,
इड्या मात्र पुऱ्या हजार मोजून दिल्या.
हाताला ठावं हुतं.
कुणाला दावायचं?

मला काही उत्तर सुचलं नाही.
मुकादम कोण, काटा कुठला, साल कुठलं,
विचारायचं ते सगळं विचारलं.
त्याला मरून बारा वर्सं झाली, ती म्हणाली,
आणि कुलूप उघडलं.

सिमेंटची मूर्ती, गणपती करणाऱ्या हातची,
गाल जरा जास्तच भरलेले.
तिनं मेणबत्ती लावली
आणि माझं किलो तिच्याशेजारी ठेवलं, सरळ त्याच्यासमोर.
सरकारी आहे ते, मी म्हटलं.
न्या की जाताना.
हात जोडून ती जे म्हणत होती
त्यातलं मला अर्धंच आलं. मी अर्धंच म्हटलं.
खालून साडेचारची गाडी गेली,
वरून काडेपेटीएवढी.

सहाच्या गाडीत बसल्यावर बघितलं,
किलोच्या खोबणीत मेण ओघळलेलं.
मेणानं वजन वाढतं. चालत नाही.
संकेश्वर येईपर्यंत नखानं खरवडत होतो.
थोडं राहिलंच आत.